कोमो ते जॅक्सन: मिसिसिपीतल्या लाकडी गिटारींच्या मागावर

मंगळवार. मेंफिस ते कोमो

दादा आदल्या रात्रीच ह्यूस्टनहून गाडी घेऊन मेंफिसला पोचला होता. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. तो लहानपणापासून गाणं शिकलेला, कान अतिशय तयार. मी गिटार वाजवतो, तीही हौसेने, पण ब्लूजची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताची, लाकडी गिटार कानात पडली की मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून बील स्ट्रीटवरचे झगमगते क्लब सोडून आम्ही सरळ इंटरस्टेट ५५ धरला आणि दक्षिणेला निघालो.

मनात एक गोष्ट पक्की होती. 'डेल्टा ब्लूज' म्हणून जे सगळं एका पोत्यात भरलं जातं ते एक नाही. मिसिसिपीच्या उत्तर टोकापासून मध्यापर्यंतच्या दीड-दोनशे मैलांत गिटारवर हात ठेवायच्या निदान चार वेगळ्या पद्धती आहेत आणि प्रत्येकीत कुठूनतरी लांबून आलेलं काहीतरी मिसळलेलं आहे. ते त्या त्या जागी उभं राहून ऐकायचं होतं.

कोमो हे टेकड्यांतलं छोटं गाव. रेल्वेच्या रुळांना लागून एकच मुख्य रस्ता, त्यावर फ्रेड मॅकडॉवेल या ब्लूज गिटारवादकाच्या नावाचा निळा फलक. हे 'मिसिसिपी ब्लूज ट्रेल'चे फलक २००६ पासून राज्यभर लागत गेले आणि आता दोनशेच्या वर आहेत. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये लोकसंगीत गोळा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स इथे ध्वनिमुद्रण करत होता, तेव्हा दिवसभर शेतात राबून मॅकडॉवेल गिटार घेऊन आला आणि अंगणात बसून वाजवू लागला. तोवर त्याची एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती.

गाडीतच त्याचं वाजवणं लावलं. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "अरे, हा कॉर्ड बदलतच नाहीये. षड्ज धरून बसलाय."

नेमकं तेच. टेकड्यांतल्या ब्लूजमध्ये बारा बारचं आवर्तन, तीन कॉर्ड हा नेहमीचा हिशेब फारसा नाही. एक छोटी फिरकी, तीच पुन्हापुन्हा, आणि तिच्यावर स्लाइडने, म्हणजे तारांवर काहीतरी कडक सरकवत, गळ्याची ओळ पुढे न्यायची. गायक वाक्य अर्धं सोडतो आणि उरलेलं गिटार म्हणते. याचं मूळ शोधायचं तर गिटार सोडून ढोलाकडे जावं लागतं. याच भागात सेनाटोबियाजवळ ऑथर टर्नर नावाचा शेतकरी नदीकाठच्या वेताला तापलेल्या सळईने भोकं पाडून बासरी बनवायचा आणि तिच्यामागे दोन-तीन ढोल चालत. बासरी आणि ढोल हा ताफा मुळात युरोपी पलटणींचा. तो कृष्णवर्णीय वादकांच्या हाती आला आणि त्यातली कवायत गेली, लय मात्र आफ्रिकेची झाली. टर्नर २००३ मध्ये गेला. मॅकडॉवेलची गिटार त्याच लयीवर चालते हे इथे आल्यावर लगेच कळतं.

बुधवार. क्लार्क्सडेल

बेट्सव्हिलपासून पश्चिमेला वळलं की टेकड्या एकदम संपतात आणि जमीन ताटासारखी सपाट होते. हा डेल्टा म्हणजे नदीच्या मुखाचा प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधला हा पुराच्या गाळाचा पट्टा आहे. ऑक्टोबर असल्याने कापूस निघाला होता. यंत्राने वळलेले कापसाचे प्रचंड गोल गठ्ठे पिवळ्या-गुलाबी प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेतांच्या कडेला ठेवलेले. माणूस एकही दिसत नव्हता. जिथे एके काळी हजारो हात कापूस वेचायचे तिथे आता दोन यंत्रं पुरतात.

क्लार्क्सडेलचं डेल्टा ब्लूज म्युझियम १९१८ च्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. आत ब्लूजगायक मडी वॉटर्सच्या झोपडीचे खरे ओंडके उभे केले आहेत. स्टोव्हॉलच्या मळ्यावरच्या याच झोपडीत १९४१ च्या उन्हाळ्यात लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांनी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला. जॉन वर्क यांचं नाव बहुतेक ठिकाणी गळतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. ते स्वतः कृष्णवर्णीय संगीतज्ञ होते आणि या कामाची कल्पना मांडणाऱ्यांत होते.

मी जास्त वेळ काढला तो धातूच्या गिटारींबद्दल बोलताना. सन हाउस आणि बुका व्हाइट या ब्लूजवादकांच्या हातात दिसणारी नॅशनल कंपनीची ती चकाकती गिटार जॉन डोपयेरा या स्लोव्हाक स्थलांतरिताने १९२७ च्या सुमारास लॉस एंजेलिसला घडवली. विजेवरची गिटार येण्याआधीच्या काळात आवाज मोठा करायचा म्हणून आत ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले. गिऱ्हाईक मुख्यतः हवाइयन संगीत वाजवणारे होते, म्हणून तिच्या एका मॉडेलच्या अंगावर नारळीची झाडं आणि समुद्रकिनारा कोरलेला असतो. स्लोव्हाक कारागिराने हवाइयन वादकांसाठी केलेलं वाद्य आज 'डेल्टाचा आवाज' म्हणून ओळखलं जातं. मला यात काहीच विसंगत वाटत नाही. ज्याला कपाशीच्या शेतापलीकडे, गोंगाटाच्या नाचघरात ऐकू जायचं होतं, त्याने मिळेल ते मोठ्या आवाजाचं वाद्य घेतलं आणि आपलं केलं.

दुपारी हॉट टमाले खाल्ले. मक्याच्या पिठाचे छोटे, तिखट, मसालेदार पाण्यात उकळलेले, कणसाच्या सालीत बांधलेले. कपाशीच्या हंगामाला आलेल्या मेक्सिकन मजुरांकडून ते कृष्णवर्णीय घरांत आले, असं बहुतेक लोक मानतात. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजगायकाने १९३६ मध्ये टमाले विकणाऱ्यांच्या आरोळीवर एक गाणंच मुद्रित केलं. ते ब्लूज नाहीच, चक्क रॅगटाइम, म्हणजे पियानोवरून आलेला उडत्या ठेक्याचा प्रकार आहे. गावात किब्बे मिळणारं लेबनीज कुटुंबाचं हॉटेलही आहे. डेल्टातल्या छोट्या गावांत कित्येक वर्षं किराणा दुकानं चिनी कुटुंबं चालवत होती. कापसाने इतक्या दूरची माणसं इथे आणून सोडली.

रात्री मोटेलात गिटार काढली आणि दादाला दोन जुन्या ट्यूनिंग ऐकवल्या. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एक अशी: प सा प सा ग प. दुसरी: सा प सा ग प सा. डेल्टातले म्हातारे वादक पहिलीला 'स्पॅनिश' आणि दुसरीला 'व्हेस्टापोल' म्हणत. ही नावं हेन्री वॉरल या गिटारशिक्षकाने १८६० च्या सुमारास छापलेल्या दोन तुकड्यांवरून आली. एक 'स्पॅनिश फँडँगो', दुसरा क्रिमियन युद्धातल्या वेढ्यावरचा 'सेबॅस्टोपोल'. शहरी दिवाणखान्यांत मुलींना शिकवायचे हे तुकडे गिटार शिकवणाऱ्या स्वस्त पुस्तिकांतून खेड्यांत पोचले. दादाला सगळ्यात आवडलं ते त्यातलं गणित: उघड्या तारा छेडल्या की पूर्ण कॉर्ड मिळतो, मग डावा हात फक्त मींड काढायला मोकळा.

गुरुवार. टटवाइलर, पार्चमन, डॉकरी, हॉली रिज

टटवाइलरचं रेल्वे स्टेशन आता नाही, जागा आहे. १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला बँडमास्तर इथे उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत झोपला होता. शेजारी फाटक्या कपड्यातला एक माणूस तारांवर सुरी दाबत गिटार वाजवू लागला. त्या गाण्यात दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या जागेचा उल्लेख होता, ती जागा म्हणजे मूरहेड गाव. हँडीने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की ती पद्धत हवाइयन गिटारवादकांसारखी होती.

या एका वाक्यावर अभ्यासकांचे वाद झडले आहेत. माझं मत मी त्या मोकळ्या जागेत उभा राहून दादाला सांगितलं. जोसेफ केकुकु या ओआहू बेटावरच्या मुलाने तारांवर पोलाद सरकवायची रीत घडवली, ती १८८९ च्या आसपास. तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आला १९०४ मध्ये. हवाइयन गिटारीचं वेड देशभर पसरलं ते १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर. म्हणजे टटवाइलरच्या त्या माणसाने हवाइयन गिटार ऐकलेली असण्याची शक्यता फार कमी. हँडीने आत्मचरित्र छापलं १९४१ मध्ये, जेव्हा हवाइयन गिटार घराघरात माहीत होती. वाचकाला समजावं म्हणून त्याने ती उपमा घेतली असणार.

मग सुरी कुठून आली? मिसिसिपीत मुलं घराच्या भिंतीवर झाडूची तार दोन खिळ्यांना ताणून बांधत, टोकांना बाटल्या सरकवून ती घट्ट करत, आणि दुसऱ्या बाटलीने घासत वाजवत. आफ्रिकेत असं एकतारी वाद्य मुलांच्या हातात असतं, आणि हा धागा अभ्यासकांनी नीट जुळवलेला आहे. मला वाटतं खालून ही भिंतीवरची तार वर आली, आणि १९१५ नंतर वरून हवाइयन रेकॉर्डींचा पाऊस पडला. दोन्ही पाणी एकाच शेतात मुरलं. केसी बिल वेल्डन गिटार मांडीवर ठेवून हवाइयन पद्धतीनेच वाजवायचा आणि रेकॉर्डवर स्वतःला हवाइयन गिटारीचा जादूगार म्हणवून घ्यायचा, तरी तो ब्लूजच होता.

हीच हवाइयन गिटार आपल्याकडेही आली. ताऊ मो हा सामोअन वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिला. पुढे व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी तिच्यावर हिंदी सिनेगीतं वाजवली, जी आमच्या आधीच्या पिढीने रेडिओवर रोज ऐकली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर रागसंगीत उभं केलं आणि १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची रेकॉर्ड महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पोचली. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९९३ मध्ये एकत्र अल्बम केला त्याला ग्रॅमी मिळालं. कूडरची स्लाइड डेल्टातून आलेली, भट्टांची कलकत्त्याच्या वाटेने. दोघांचं पोलाद मात्र एकाच बेटावरून निघालेलं.

पुढे ४९ वेस्ट या महामार्गावर पार्चमनचा तुरुंग लागतो. थांबायला परवानगी नाही, आणि थांबावंसंही वाटलं नाही. कैद्यांना हजारो एकरांत कापसावर राबवणारी ही जागा. १९४७-४८ मध्ये इथे मुद्रित केलेल्या कैद्यांच्या आरोळ्या मी आधी ऐकल्या होत्या. एकच स्वर लांब खेचून त्याला खाली उतरताना लाटा द्यायच्या, गळा हलवत न्यायचा. गेर्हार्ड कुबिकसारखे अभ्यासक हे पश्चिम आफ्रिकेच्या सहाराकाठच्या प्रदेशाकडे नेतात, जिथल्या गाण्यावर इस्लामी पठणाची छाया आहे. दादाला ऐकवल्यावर तो म्हणाला, "कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी उभा आहे हा, आणि अगदी ठाम उभा आहे." पुढचे कितीतरी मैल आम्ही गाडीत काहीच लावलं नाही.

रूलव्हिल आणि क्लीव्हलंडच्या मधे डॉकरी फार्म्स. १८९५ मध्ये विल डॉकरीने जंगल तोडून वसवलेला मळा, त्याचं कापसातली सरकी काढायचं जिन अजून उभं आहे. ब्लूजगायक चार्ली पॅटन इथे वाढला आणि हेन्री स्लोन नावाच्या वादकाकडून शिकला, ज्याची एकही रेकॉर्ड नाही. पॅटनचा आवाज खरखरीत, गिटारच्या पेटीवर थापा, तारा खेचून सोडलेल्या. हे डेल्टाचं खरं वळण: उजवा हात जड, ठोका जमिनीत रुतणारा. शेकडो मजुरांची वस्ती एका ठिकाणी होती, शनिवारी रात्री नाच होता, आणि त्या गर्दीला एका माणसाने नाचवायचं होतं. मळ्यांच्या अर्थव्यवस्थेने हा हात घडवला असं मी म्हणेन.

हॉली रिजला जिनच्या शेजारच्या दफनभूमीत पॅटनची कबर आहे. १९३४ मध्ये तो गेला आणि कबरीवर दगड बसला १९९१ मध्ये. पहिला ब्लूज ट्रेल फलकही इथलाच. आम्ही पोचलो तेव्हा जिन सुरू होतं आणि कापसाचा भुगा सगळीकडे उडत होता.

शुक्रवार. ग्रीनवुड आणि ॲव्हलॉन

रॉबर्ट जॉन्सनच्या कबरीचे दगड तीन आहेत. आम्ही ग्रीनवुडच्या उत्तरेला लिटल झायन चर्चपाशी गेलो, कारण हेच ठिकाण सगळ्यांत पटण्यासारखं आहे. १६ ऑगस्ट १९३८ ला तो वारला, सत्ताविसाव्या वर्षी. चौकात मध्यरात्री सैतानाशी सौदा केल्याची गोष्ट तिथेही कोणी ना कोणी सांगतोच. मला ती गोष्ट आवडत नाही, कारण ती त्याची मेहनत खाऊन टाकते. हेझलहर्स्टजवळ आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे तो शिकला, रात्री शांतता मिळावी म्हणून दोघे स्मशानात बसून वाजवत. बाकीचं त्याने रेकॉर्डी ऐकून उचललं: लिरॉय कारचा पियानो, लॉनी जॉन्सनची शहरी बोटं, बेंटोनियाच्या स्किप जेम्सचं रडणं. पियानोवादकाच्या डाव्या हाताचा चालता बास त्याने अंगठ्याने गिटारवर आणला. सॅन अँटोनियोच्या हॉटेलात १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं मुद्रण झालं, तेव्हा त्याच खोलीत मेक्सिकन गायक-वादकांचीही मुद्रणं चालू होती. निर्माता डॉन लॉने त्यांच्यापुढे वाजवायला सांगितलं तर जॉन्सन भिंतीकडे तोंड करून बसला, असं लॉ सांगत असे.

हाच रस्ता पुढे मनी या गावी जातो. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाची सुरुवात जिथे झाली त्या किराणा दुकानाच्या भिंती वेलींखाली कोसळत आहेत. आम्ही गाडीतून उतरलो, उभे राहिलो, आणि निघालो.

ॲव्हलॉनला पोचायला पुन्हा टेकडी चढावी लागते, आणि संगीतही तिथेच बदलतं. ॲव्हलॉनच्या मिसिसिपी जॉन हर्ट या गिटारवादकाला डेल्टाचा म्हणणाऱ्यांनी हा चढ एकदा चढून पाहावा. त्याचा अंगठा घड्याळासारखा दोन तारांवर आळीपाळीने पडतो आणि बोटं त्यावर हलकी, गोड ओळ विणतात. आवाज अंगणात गप्पा मारताना असतो तेवढाच. हे वळण इथून शेकडो मैलांवरच्या उत्तर कॅरोलायनातल्या पीडमाँट भागाशी जास्त जुळतं, जिथे डरहॅमच्या तंबाखूच्या गोदामांसमोर ब्लाइंड बॉय फुलर वाजवायचा आणि कारबरोची एलिझाबेथ कॉटन डावखुरी असल्यामुळे गिटार उलटी धरून अंगठ्याने सूर आणि बोटांनी बास काढायची. तिथे या अंगठ्यामागे बँजो आहे, जो आफ्रिकेतून आला, आणि रॅगटाइमचा पियानो आहे.

हर्टच्या बाबतीत शेजारही महत्त्वाचा. कॅरोल काउंटीत मोठे मळे कमी, छोटे शेतकरी जास्त. विली नार्मूर या गोऱ्या फिडलवादकाबरोबर तो गोऱ्यांच्या नाचांना वाजवायचा आणि नार्मूरनेच ओके या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला त्याचं नाव सुचवलं. १९२८ मध्ये मेंफिस आणि न्यूयॉर्कला मुद्रणं झाली, मग मंदी आली आणि हर्ट शेतीत परतला. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या ब्लूजवेड्याने हर्टच्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून नकाशात ॲव्हलॉन शोधलं, दार ठोठावलं, आणि म्हातारा गिटारवर सगळं तसंच वाजवू शकत होता. त्याचं घर संग्रहालय झालं होतं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये जळालं. त्या जागी जाऊन मला खूप वाईट वाटलं. दादाने हर्टचं एक गाणं लावलं आणि आम्ही गाडीला टेकून ते संपेपर्यंत ऐकलं.

शनिवार. बेंटोनिया

याझू सिटी ओलांडून ४९ वरून खाली बेंटोनिया. रेल्वेच्या कडेला ब्लू फ्रंट कॅफे, १९४८ पासूनचा. आईवडिलांनी सुरू केलेला हा कॅफे १९७० पासून जिमी 'डक' होम्स चालवतात, आणि बेंटोनियाची गिटार आज जगाला ऐकू येते ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

या एवढ्याशा गावाची ट्यूनिंग सगळ्या मिसिसिपीत वेगळी: सा प सा, मग कोमल ग, मग प सा. व्हेस्टापोलमधली एकच तार अर्ध्या स्वराने उतरवलेली. बस, एवढ्याने वाद्याचा चेहरा पालटतो. त्या तारेच्या पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं की शुद्ध गंधार, उचललं की कोमल. सगळं दुःख त्या एका बोटाच्या उठण्या-टेकण्यात आहे. स्किप जेम्सने १९३१ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला जाऊन हे मुद्रित केलं, उंच, पातळ, हाडात शिरणाऱ्या आवाजात. रेकॉर्डी खपल्या नाहीत. १९६४ मध्ये तो ट्युनिकाच्या रुग्णालयात सापडला.

ही ट्यूनिंग आली कशी, याचं गावात सांगितलं जाणारं उत्तर मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाचं वाटतं. हेन्री स्टकी हा बेंटोनियाचा शेतमजूर पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिक होता. तिथे त्याला काही कृष्णवर्णीय सैनिक भेटले, बहुधा बहामा बेटांवरचे, आणि त्यांच्याकडून त्याने ही जुळणी घेतली. परत येऊन स्किप जेम्सला शिकवली. स्टकी १९६६ मध्ये गेला, त्याची एकही रेकॉर्ड नाही. कॅरिबियन सैनिकांची गिटार, फ्रान्सची छावणी, आणि मिसिसिपीतलं एक गाव, एवढ्या लांबून हा कोमल गंधार फिरून आला. ब्लूजला मातीतून आपोआप उगवलेलं म्हणणाऱ्यांना मी स्टकीचं नाव सांगेन.

कॅफेत एक म्हातारे गृहस्थ वाजवत होते. गाणं संपलं की थांबत नव्हते, तीच फिरकी चालू ठेवून पुढच्या गाण्यात शिरत होते. दादाने डोळे मिटून मांडीवर ताल धरला. मग न राहवून त्यांना विचारलं, "तुम्ही ही तार कधी वर चढवता का?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा सुरू झाले.

रविवार. बोल्टन आणि जॅक्सन

बोल्टनचा थांबा छोटा. चॅटमन कुटुंबाचं गाव. १९३० मध्ये मिसिसिपी शेक्स नावाने गाजलेल्या या वादकांत लॉनी चॅटमन फिडल वाजवायचा, वॉल्टर व्हिन्सन गिटार. गोऱ्यांच्या नाचाला वॉल्ट्झ, आपल्यांच्या नाचाला ब्लूज, जिथे बोलावणं तिथे ते जात.

जॅक्सनच्या फारिश स्ट्रीटवर एच. सी. स्पियर या गोऱ्या दुकानदाराचं फोनोग्राफचं दुकान होतं. रविवारी तो रस्ता अगदी रिकामा असतो. पॅटन, स्किप जेम्स, जॉन्सन हे सगळे स्पियरच्याच दुकानातून रेकॉर्ड कंपन्यांपर्यंत पोचले. वादकाने स्वतः रचलेली निदान चार गाणी तो मागायचा. कंपन्यांच्या याद्या रंगाने वेगळ्या होत्या, कृष्णवर्णीयांसाठी ब्लूज आणि गोऱ्यांसाठी फिडल. त्यामुळे गिटारवाल्याकडे वॉल्ट्झ असला, मेक्सिकन चाल असली, चर्चमधलं गाणं असलं, तरी निवड व्हायची ती ब्लूजची. तेवढंच मेणावर उतरलं आणि आपण त्याला त्यांचं संपूर्ण संगीत समजून बसलो. जॉन्सनबरोबर भटकलेला जॉनी शाइन्स सांगायचा की जॉन्सन रेडिओवर ऐकलेलं काहीही वाजवू शकायचा, बिंग क्रॉस्बी, काउबॉयची गाणी, पोल्कासुद्धा. त्याने मुद्रित केलेल्या २९ गाण्यांत पोल्का एकही नाही.